बाळाचे कुरळे केस आणि जट

बाळाच्या डोक्यामागे केसांचा घट्ट गुंता दिसला, की कुरुंदवाडकडच्या काही घरांत आजी हात जोडते. "जट आली, यल्लम्माची आहे, कात्री लावू नका!" मी म्हणतो, आजी, हा नुसता गुंता आहे. कुरळा केस वळणे घेत वाढतो, त्यामुळे त्वचेतले तेल टोकापर्यंत पोचत नाही. बाळ उताणे झोपते, डोके घासते. कोरडे केस एकमेकांत अडकतात. भीतीने विंचरणे थांबले, की घाम-मळ साचून त्याचीच जट होते. अशा जटेपायी पूर्वी कितीतरी मुली देवीला सोडल्या गेल्या. त्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले.

आठवड्यातून एक-दोनदा सौम्य शाम्पूने केस धुवावेत. ओलसर केसांना थोडे खोबरेल लावून मोठ्या दातांच्या फणीने आधी टोके सोडवावीत, मग वर सरकावे. केस मुळाशी धरले तर ओढ बसत नाही. गुंता सुटेनाच, तर खुशाल कापावा. बाळाला काही होत नाही. जावळ काढल्याने कुरळेपणा जातो हेही खरे नाही, वळण मुळातच असते. गुंत्याखाली कातडी लाल, ओली दिसली किंवा वास आला, तर डॉक्टरांना दाखवावे.