नोंद राहते का?

डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहातला कार्यक्रम संपला आणि आत्या मला चालतच आपल्या घरी घेऊन गेली. माझ्या पिशवीत एक लिफाफा होता. तीन आठवडे तो मी कोणाला दाखवला नव्हता. आत्या 1996 पासून आठवड्यातले दोन दिवस सिटिझन्स ॲडव्हाइसच्या एका शाखेत बिनपगारी सल्लागार म्हणून बसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ती तिथे नेमकं काय करते हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. तिने कागद जेवणाच्या टेबलावर पसरले, भाडेकरारावर फूटपट्टी आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचू लागली.

आत्या : डिपॉझिट नऊशे पौंड. म्हणजे बरोबर पाच आठवड्यांचं भाडं. त्याहून जास्त घेता येत नाही, 2019 पासून. पैसे दिल्याचा कागद?

मी : बँकेतून पाठवले होते, हा त्याचा प्रिंट. घर सोडताना तो म्हणाला, गालिच्यावर डाग आहे. सगळेच ठेवून घेतले.

आत्या : घरमालक त्याच घरात राहायचा?

मी : नाही. आम्ही तिघीच.

आत्या : मग डिपॉझिट कुठल्या योजनेत जमा केलं, त्याचं पत्र दे.

मी : असं पत्र कधी आलंच नाही.

तिने फूटपट्टी बाजूला ठेवली आणि फोन उचलला. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारमान्य योजना तीन. तिन्हींच्या संकेतस्थळांवर तिने माझं आडनाव, पोस्टकोड, कराराची तारीख टाकली. तिन्हीकडे एकच उत्तर : नोंद सापडत नाही.

आत्या : डागाचं राहू दे. आधी हे बघ. डिपॉझिट घेतल्यापासून तीस दिवसांत ते मान्य योजनेखाली सुरक्षित करायचं आणि भाडेकरूला तसं लेखी कळवायचं, असा कायदा आहे. केलं नाही तर न्यायालय डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड देववू शकतं. आधी एक पत्र जाईल. बहुतेक वेळा पत्रावर भागतं, पण भागेलच असं मी म्हणणार नाही. मंगळवारी आमच्या केंद्रात ये. तुझी केस मी घेणार नाही, नात्यातल्या माणसाची आम्ही घेत नाही. दुसरी सल्लागार बघेल.

मी : आत्या, तिथे नोंद राहते का?

आत्या : कसली?

मी : मी आले होते, मदत मागितली होती, याची. माझ्या व्हिसावर स्पष्ट लिहिलंय, पब्लिक फंड्स घ्यायचे नाहीत. उद्या पुढच्या व्हिसाला अर्ज केला आणि त्यांना दिसलं की ही चॅरिटीत गेली होती...

आत्या : हे कोणी सांगितलं? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर?

मी : दोघातिघांनी.

आत्या : त्या दोघातिघांना सांग, पैसे घेऊन असले सल्ले द्यायला लागलात तर तुरुंगात जाल. खरंच सांगते. 1999 च्या कायद्यापासून या देशात व्हिसाचा सल्ला देण्याचा धंदा नोंदणी नसताना करणं हा गुन्हा आहे. आमच्याकडेसुद्धा सल्लागार त्याला मान्यता असेल तेवढंच बोलतो, पुढचं वकिलाकडे पाठवतो. आणि आपल्या लोकांना एजंट आधी आठवतो! पैसे जातात, तारीख टळते, मग रडत आमच्याकडे. पंधरवडा आधी आली असतीस तर, हे वाक्य मी किती जणींना म्हटलंय.

मी : पण पब्लिक फंड्स?

आत्या : पब्लिक फंड्स म्हणजे काय याची यादी इमिग्रेशनच्या नियमांत छापलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट, काउन्सिलचं घर, असे भत्ते आणि सोयी. दवाखाना त्यात नाही, सरकारी शाळा नाही. फूड बँकेतला शिधासुद्धा नाही, कारण तो लोकांनी दिलेला असतो. सल्ला तर नाहीच नाही.

मी : आणि केंद्राला सरकारकडून पैसे मिळतात ना? मग तो सल्ला सरकारी पैशाचाच झाला.

ही माझी शंका तिला आवडली असावी, कारण ती उठून चहा ठेवायला गेली आणि तिथूनच बोलू लागली.

आत्या : पैसे मिळतात. सरकारकडून, काउन्सिलकडून, देणगीदारांकडून. म्हणून केंद्र सरकारी होत नाही. प्रत्येक गावातलं केंद्र ही स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे, तिचे विश्वस्त गावातलेच. हे कसं सुरू झालं माहितीये? दुसरं महायुद्ध जाहीर झालं 3 सप्टेंबर 1939 ला. दुसऱ्याच दिवशी दोनशे केंद्रं उघडली. कुठे चर्चचं सभागृह, कुठे चहाचं दुकान, कुठे कोणाच्या घरची पुढची खोली. नवरा सैन्यात गेला, मिळकत अर्ध्यावर आली, हप्ते कसे फेडू? मुलं खेड्यात पाठवली, त्यांचा पत्ता लागत नाही. रेशनकार्ड बॉम्बमध्ये जळलं. हे प्रश्न. लंडनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा घोडे न्यायच्या एका गाडीत कार्यालय थाटलं आणि जिथे घरं पडली तिथे ती उभी करायचे. घोडागाडी नव्हे हं, घोडे वाहून नेणारी गाडी. त्या गाडीपाशी रांगेत उभी राहिलेली बाई भीक मागत होती असं तू म्हणशील?

मी : मी भीक म्हटलंच नाही.

आत्या : शब्द तोच नव्हता, पण गेली दहा मिनिटं तू तेच म्हणते आहेस. ‘चॅरिटी’ ऐकलं की आपल्याला अन्नछत्र दिसतं. इथे त्या शब्दाला कायद्याचा अर्थ आहे, पार 1601 च्या राणी एलिझाबेथच्या काळापासूनचा. हेतू लोकहिताचा हवा. भुकेल्याला भाकरी देणंही त्यात येतं आणि माणसाला त्याचा हक्क समजावून सांगणंही.

मी : बरं. पण शेल्टर म्हणतात ती संस्था तर मोर्चे काढते, जाहिराती करते. ती पण चॅरिटीच?

आत्या : चॅरिटीच. 1 डिसेंबर 1966 ला सुरू झाली. पंधरवडाभर आधी बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ नावाचं नाटक दाखवलं होतं, केन लोचचं. घर नाही म्हणून एका तरुण आईची मुलं काढून घेतात. बघणाऱ्यांची झोप उडाली. शेल्टरने पैसे जमवले, घरं नसलेल्यांना सल्ला दिला आणि कायद्यासाठी भांडत राहिले. 1977 मध्ये कायदा झाला, बेघर कुटुंबाची जबाबदारी काउन्सिलवर आली. चॅरिटीने मोहीम काढायला हरकत नाही. फक्त एखाद्या पक्षाला मतं द्या असं म्हणायचं नाही. चॅरिटी कमिशन त्यावर लक्ष ठेवतं. सॅमॅरिटन्स नावाच्या चॅरिटीचं वेगळं. ते सल्ला देतच नाहीत, रात्री तीन वाजतासुद्धा फोनवर ऐकून घेतात. तेही लागतं.

मी : ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्याशीच भांडायचं, हे कसं जमतं?

आत्या : जमवावं लागतं, आणि त्याचा त्रास होतो. 2017 मध्ये युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज करायचा तर मदतीच्या फोनला मिनिटाला 55 पेन्सपर्यंत लागायचे. खिशात पैसे नाहीत म्हणून फोन करणाऱ्याला! आमच्या संस्थेने आवाज उठवला, बाकीच्यांनीही. त्या ऑक्टोबरात सरकारने फोन फुकट करायचं जाहीर केलं. 2019 मध्ये त्याच सरकारने अर्ज भरायला मदत करण्याचं काम आम्हाला दिलं. मला विचारशील तर एवढं जवळ जाणं बरं नव्हे. पण अर्ज अडलेला माणूस समोर बसलेला असतो. त्याला हे सांगून काय उपयोग?

तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा हातातच धरून उभी राहिली. पुढचं बोलताना तिचा आवाज चढला.

आत्या : खरं दुखणं 2013 चं आहे. 1 एप्रिल. 1949 पासून या देशात कायदेशीर मदत होती, गरिबाचा वकील सरकार द्यायचं. त्या दिवशी भत्त्यांच्या केसेस, कर्जाच्या बहुतेक केसेस, नोकरीच्या, आश्रय सोडून इमिग्रेशनच्या बहुतेक सगळ्या त्यातून काढून टाकल्या. आमच्याकडे त्या कामासाठी पगारी माणूस होता, दुसऱ्या वर्षी नव्हता. एक आजोबा यायचे, अपिलाची तारीख घेऊन. दर वेळी इस्त्रीचा शर्ट, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांना मी सांगितलं, बरोबर येणारं कोणी नाही आता. ते म्हणाले, हरकत नाही, आणि माझेच आभार मानून गेले. बारा वर्षांवर झाली, तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी : जिंकले का ते?

आत्या : परत आले नाहीत. कळलं नाही.

थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग मी पुन्हा तेच विचारलं. मला लाज वाटत होती, पण मनातून जात नव्हतं.

मी : होम ऑफिसला कळवत नाहीत ना?

आत्या : नाही. तुझ्या परवानगीशिवाय घरमालकालासुद्धा पत्र जात नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तर अपवाद असतो, तोही आधीच सांगतात. आणि ऐक, ही भीती तुझ्या एकटीची नाही. लग्नाच्या व्हिसावर आलेल्या बायका याच भीतीने मार खात राहायच्या. निवारागृहात जागा द्यायची तर तिचं भाडं हाउसिंग बेनिफिटमधून यायचं, आणि यांच्या व्हिसावर तोच शिक्का : पब्लिक फंड्स नाहीत. म्हणजे दार उघडं असून आत घेता यायचं नाही. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स, 1979 पासूनची संस्था, आपल्याच बायकांची आणि कॅरिबियन बायकांची, यावर वर्षानुवर्षं भांडली. किरणजीत अहलुवालिया हे नाव ऐकलंयस, छळणाऱ्या नवऱ्याच्या खुनाबद्दल तुरुंगात गेलेली, तिच्या सुटकेसाठी लढल्या त्याच या. 2012 पासून अशा बाईला तीन महिने भत्ते घेता येतात, तेवढ्यात कायम राहण्याचा अर्ज करायचा. तीन महिने. ऐकायला थोडे वाटतात, पण त्यात ती घराबाहेर पडू शकते.

मी : हे त्यांना सुचलं कुठून?

आत्या : समोर आलेल्या बायकांकडून. तेच तर तुला मघापासून सांगतेय. तू स्टेशनकडे जातेस ना, त्या बाजूला चॅप्टर रोड आहे. तिथे ग्रनविकचा फोटो धुण्याचा कारखाना होता. 1976 च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई तिथलं काम सोडून बाहेर पडल्या. युनियनमध्ये कसं जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चौकशी केली ती सल्ला केंद्राकडे, आणि केंद्राने युनियनशी बोलायला फोन नंबर दिला, एवढंच. पुढे जवळजवळ दोन वर्षं संप चालला.

मी : आणि हरला.

आत्या : हरला. म्हणून तो नंबर द्यायला नको होता?

मी काही बोलले नाही. तिने कपाटातून एक जुनी फाइल काढली. आत कोरे फॉर्म होते, पिवळे पडलेले.

आत्या : तुला नोंद हवी होती ना? राहते. ही बघ. माणूस गेल्यावर आम्ही हा फॉर्म भरायचो. आता संगणकात भरतात. नाव नाही, पत्ता नाही. काय घडलं, कोणता नियम आडवा आला, तेवढंच. मी नवी होते तेव्हा सगळ्यात जास्त फॉर्म कशाचे भरले असतील? डिपॉझिटचे. गालिच्यावरचा डाग, भिंतीवरचा खिळा, आणि पैसे गेले. देशभरच्या केंद्रांतून आलेल्या अशा हकिकतींवरून 1998 मध्ये एक अहवाल निघाला. कायदा झाला 2004 मध्ये, लागू झाला 2007 च्या एप्रिलमध्ये. नऊ वर्षं. ज्यांचे फॉर्म होते त्यांना एक पेनीही मिळाली नाही. तुझे तीस दिवस त्यांच्यामुळे आहेत.

मी : म्हणजे त्या वेळी आलेल्यांना काहीच नाही.

आत्या : नेहमी तसंच होतं असं नाही. एक टॅक्सीवाला आला होता. कर्जाबरोबर त्याच्या गळ्यात विमा मारलेला, नोकरी गेली तर हप्ते भरू म्हणून. त्याला नोकरीच नव्हती गं, टॅक्सी स्वतःची! तो विमा त्याला कधीच मिळाला नसता. असे फॉर्म ढिगाने यायला लागले. ग्राहक संघटनांना इथे एक अधिकार आहे, सुपर कम्प्लेंट म्हणतात. ती केली की सरकारी यंत्रणेला 90 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. 2005 मध्ये आमच्या संस्थेने ती केली. पुढे सगळ्या बँकांनी मिळून 3,800 कोटी पौंडांहून जास्त परत केले. त्या टॅक्सीवाल्यालाही त्याचे मिळाले, तो सांगायला आला होता.

तिने माझे कागद गोळा केले, कडा जुळवून घेतल्या. लिफाफ्यावर मागच्या बाजूला लिहिलं : मंगळवार, सव्वादहा.

मी : माझा पण फॉर्म भरतील?

आत्या : भरतील. भाडेकरू, विद्यार्थिनी, डिपॉझिट सुरक्षित केलेलं नाही. बस.

मी : विद्यार्थिनी लिहायलाच हवं?

आत्या : तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार.

मी जरा विचार केला.

मी : लिहू देत. पासपोर्ट आणू?

आत्या : कोणी मागणार नाही. करार आण, बँकेचा हा प्रिंट आण, घर सोडताना काढलेले फोटो असतील तर ते. आणि त्याने डागाचा मेसेज पाठवलाय ना, तो पुसू नकोस.