मका का जगला?

(इयत्ता ७ वी, सामान्य विज्ञान : शिक्षकांसाठी पाठटिपण)

गेल्या खरिपात एका शाळेस भेट दिली असता सातवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, औषध साऱ्या रानावर मारले, मग तण मेले आणि मका कसा जगला?" "ते औषधच तसे असते," असे सांगून गुरुजींनी तिला खाली बसविले. इतका चांगला प्रश्न तसाच सोडावा हे मला रुचले नाही.

मका व ऊस या पिकांत वापरले जाणारे हे तणनाशक म्हणजे ॲट्राझीन होय. स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीने ते १९५० नंतरच्या दशकात तयार केले. निसर्गात ते आढळत नाही. त्याच्या रेणूत सहा अणूंचे एक कडे असते : कर्ब व नत्र यांचे तीन-तीन अणू, एकाआड एक. यास ट्रायझीन म्हणतात. तीन मुले व तीन मुली एकाआड एक हात धरून उभ्या केल्यास हे कडे वर्गातच दाखविता येईल. मेलामाईनच्या बशांतही हेच कडे असते. १९५६ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आलेल्या, सुताला पक्के धरून बसणाऱ्या रंगांतही ते आहे. चादरींच्या सोलापुरातील मुलांस हे अवश्य सांगावे.

आता मूळ प्रश्न. जमिनीवर पडलेले ॲट्राझीन मुळे शोषून घेतात व ते पाण्याबरोबर पानांत चढते. तेथे हरितकणूंत सूर्यप्रकाशाच्या शक्तीची वाट ते अडविते. बी रुजताना रोपास बियांतील अन्न पुरते, म्हणून तण आधी उगवते आणि मग कडेने पिवळे पडून वाळते. मुलांनी हे बांधावर पाहिलेले असते, कारण मात्र ठाऊक नसते. मकाही तेच द्रव्य शोषतो. परंतु त्याच्या पानांतील ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ॲट्राझीनमधील क्लोरीनचा अणू हटवून त्या जागी स्वतः जडतो, आणि विष निरुपद्रवी होते. ज्वारी व ऊस यांनाही ही शक्ती आहे. तूर, हरभरा, भुईमूग यांना ती पुरेशी नाही. सबब तुरीचे आंतरपीक असेल तेथे हे द्रव्य चालत नाही. हरळी व लव्हाळा मात्र यास दाद देत नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नकोच.

गणिताच्या तासाला एक उदाहरण घालावे. भुकटीत शुद्ध द्रव्य ५० टक्के असून हेक्टरी अर्धा किलो शुद्ध द्रव्य द्यावयाचे आहे, तर भुकटी किती? उत्तर १ किलो, म्हणजे एकरी सुमारे ४०० ग्रॅम. "जरा जास्तच टाकू" ही आपली सवय येथे बाधते, कारण उरलेले द्रव्य झिरपून विहिरीस मिळते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम इतकीच त्याची मर्यादा आहे. युरोपीय संघात ती ०.१ आहे, भूजलात ती पाळली जाईना, म्हणून २००४ साली तेथे त्याची परवानगी नाकारण्यात आली.

"औषध" हा शब्द आला की तेथेच थांबून "तणनाशक" म्हणावयास लावावे. एका वस्तीवर अशाच रिकाम्या डब्यातून मुलांसाठी पाणी आणलेले मी पाहिले आहे, आणणारी माउली म्हणाली, "औषधाचाच डबा आहे, धुतलाय." डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे विषाच्या तीव्रतेचे उतरते रंग फळ्यावर काढून दाखवावेत. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही सांगावे. नमुना म्हणून डबा मात्र वर्गात आणू नये.