ऑस्ट्रिया-अमेरिकेचा इतिहास शिकून पोट भरेल का?

आधी पैशाचं बोलू. ऑस्ट्रिया आणि अमेरिका यांच्या संबंधांवर संशोधन करायचं, असं मुलीनं घरी सांगितलं की आईबाबांच्या पोटात गोळा येणारच. विद्यापीठातल्या कायम नोकऱ्या कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र या चिंचोळ्या विषयाला पाठबळ देणाऱ्या संस्था खरोखर आहेत. नाझींनी ऑस्ट्रिया गिळला त्या 1938 साली व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आलेले इंजिनिअर डीट्रिच बॉटस्टिबर यांच्या पैशातून पेनसिल्व्हेनियात एक संस्था चालते. ती याच विषयातल्या संशोधनाला अनुदान देते. 2017 पासून या विषयाचं स्वतंत्र नियतकालिकही निघतं. मिनेसोटा विद्यापीठातलं ऑस्ट्रियाविषयक केंद्र तर 1977 साली ऑस्ट्रियन जनतेच्या देणगीतून सुरू झालं. अमेरिकेच्या द्विशताब्दीची ती भेट होती.

कर्ज काढून इतिहासाच्या एम.ए.साठी मुलांना अमेरिकेत पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत. पीएच.डी.ला चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो. एम.ए. भारतात करा, नाहीतर व्हिएन्नात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत आपल्या विद्यार्थ्यांना सत्राला साधारण 727 युरो फी पडते. राहण्याखाण्याचा खर्च मात्र वेगळा, आणि तोच जड जातो.

करायचं काय असतं? 1734 साली साल्झबर्गहून हाकलले गेलेले प्रोटेस्टंट जॉर्जियात येऊन वसले, तिथपासून 1945 ते 1955 या काळात ऑस्ट्रियात तळ ठोकून बसलेल्या अमेरिकन फौजांपर्यंत मैदान मोकळं आहे. मला स्वतःला मधला स्थलांतराचा काळ सर्वांत रसाळ वाटतो. बोटीच्या याद्यांत 'ऑस्ट्रिया' असं लिहिलेला माणूस 1918 पूर्वी क्राकोचा असू शकतो, प्रागचा किंवा लुब्लियानाचाही. त्याचं गाव आज पोलंडमध्ये, चेकियात नाहीतर स्लोव्हेनियात सापडतं. म्हणजे एका कुटुंबाचा माग काढताना तीन देशांची दप्तरं धुंडाळावी लागतात.

इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण जुनी पत्रं कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. तिच्यातला 'ई' आपल्या ओळखीच्या 'एन'सारखा दिसतो. 'यू' आणि 'एन' यांतला फरक कळावा म्हणून 'यू'च्या डोक्यावर छोटी कमान काढतात. छापील जर्मन फाडफाड वाचणाराही पहिल्या पानावर अडखळतो. म्हणून बारावीनंतर लगेच जर्मन सुरू करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे. जर्मनची बी टू पातळी झाली की कुरेंटचा सराव घ्या.

प्राध्यापकी नाही मिळाली तरी एवढं येणाऱ्याला अभिलेखागारं, संग्रहालयं, भाषांतर आणि वंशावळ शोधून देण्याचं काम खुलं असतं. जर्मन तर पुण्यातल्या कंपन्यांनाही लागते. वडिलांना पटवायचं असेल तर हा मुद्दा आधी काढा.