बियाण्याची उसनवारी

रोवणीच्या दिवसांत एखाद्याचे पऱ्हे कमी पडले, तर शेजारी आपले उरलेले पऱ्हे देतो. गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकांस हे सांगावयास नको. सांदवाडीतही हेच चालते. वालाचे बी कुंपणापलीकडे जाते, पलीकडून दोडक्याचे येते. शाळेची परसबाग याच शेजारधर्मावर उभारावी.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजपेढी अशाच देवघेवीतून वाढविली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नेलेले बी पीक आल्यावर दुप्पट परत करावे, असा त्यांचा रिवाज. शाळेत हा हिशेब मुलांनीच वहीत मांडावा. गणिताचा तासही त्यात साधतो.

आरंभ वाल व चवळी यांनी करावा. यांच्या फुलातील पराग बहुधा त्याच फुलास मिळतो, म्हणून वाण शुद्ध राहतो. दोडक्याभोपळ्यांत मधमाशी दुसऱ्या वेलाचे पराग आणते व वाण मिसळतात. पाकिटातील संकरित बियांपासून धरलेले बी कोणास देऊ नये. त्यात मूळचे गुण टिकत नाहीत आणि घेणाऱ्याचा विश्वास उडतो. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. बी राखेत घोळून मडक्यात ठेवावे.

ज्याच्या घरी वाडीच नाही, असे मूल मात्र रिकाम्या हाताने येते व मागे उभे राहते. त्यास सर्वांआधी बी द्यावे, शाळेच्या कुंपणाचा एक भाग नेमून द्यावा. त्याच्या शेंगा वाळल्या की त्याचे नाव वहीत ‘देणारे’ या रकान्यात त्याच्याच हाताने लिहवावे.