वाटाण्याचा अंकुर आणि त्रैराशिक

घड्याळाचा तासकाटा, उमलणारी कळी, वाढणारा अंकुर ही पाहणाऱ्यास स्थिर भासतात, कारण त्यांची गती अतिशय मंद असते. ठराविक अंतराने त्यांची छायाचित्रे घेऊन ती पडद्यावर भराभर दाखविली, तर मात्र ही गती स्पष्ट दिसू लागते. या पद्धतीस टाइम-लॅप्स छायाचित्रण म्हणतात.

आपल्या देशातील तिचे एक आरंभीचे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याची वाढ चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ ही चित्रफीत पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. फाळक्यांनी महिनाभर रोज एक चित्र घेतले व त्यातून मिनिटभराची फीत तयार झाली, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते.

या हकीकतीवर विश्वास ठेवून आम्ही विद्यार्थ्यांसह शाळेत वाटाणा पेरला व रोज एक याप्रमाणे तीस दिवस चित्रे घेतली. मूकपटाच्या काळच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सोळा चित्रे, ती दाखविली आणि दोन सेकंदांत सारे संपले! मुले हिरमुसली. आम्हीही खजील झालो, कारण साधे त्रैराशिक आम्ही आधी मांडले नव्हते.

मिनिटभरास ६० × १६ = ९६० चित्रे लागतात. रोज एक घेतले, तर अडीच वर्षांहून अधिक काळ जाईल. वाटाण्याचा वेल तर काही महिन्यांतच वाळतो. तीस दिवसांत ९६० चित्रे हवी असतील, तर रोज ३२, म्हणजे दर ४५ मिनिटांस एक घ्यावे लागेल. तेव्हा ‘रोज एक’ आणि ‘मिनिटभराची फीत’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. फीत खरोखर मिनिटभराची असेल, तर दादासाहेबांचे श्रम कथेत सांगतात त्याहून कितीतरी अधिक होते.

आपल्या सुरतेचीही अशीच एक कथा आहे. येथे ‘राजा हरिश्चंद्र’ला प्रेक्षक मिळेनात, तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत, अशी जाहिरात दिली, असे सांगतात. एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे ५७,००० चित्रांची फीत सुमारे ३,५६० फूट झाली. मैल मात्र ५,२८० फुटांचा! चित्रांचा आकडा पटण्याजोगा आहे. दोन मैल ही जाहिरातीची भाषा.

दुसऱ्या खेपेस आम्ही गणित आधी केले, मग कॅमेरा मांडला. जवळ मोबाईलचाच कॅमेरा होता. तो तिपाईवर घट्ट बसवून सतत चार्जरला जोडून ठेवला आणि दर ४५ मिनिटांनी चित्र घेण्याची योजना त्यातच केली. खिडकीतला उजेड घटकेघटकेस बदलतो व चित्रे लुकलुकतात, म्हणून कुंडी आतल्या कोपऱ्यात ठेवून एकच दिवा अहोरात्र लावला. फोकस व प्रकाशाचे माप आरंभीच कायम केले. वेल वर चढणार, म्हणून चौकटीत वरची जागा मोकळी सोडली. तिपाईच्या पायांभोवती व कुंडीभोवती खडूने खुणा केल्या. पाणी घालताना कुंडी फिरली, तर पडद्यावर रोप दचकल्यासारखे दिसते. महिनाअखेर मुलांनी माती फोडून वर येणारा अंकुर पाहिला आणि काठीला मिठी घालणारे तणावेही पाहिले.

विद्यार्थी मित्रहो, आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. डुमसच्या किनाऱ्यावर ओहोटीपासून भरती येण्यास सुमारे सहा तास लागतात. ती भरती अर्ध्या मिनिटात दाखवायची आहे. सेकंदास सोळा चित्रे धरल्यास दर किती सेकंदांनी एक चित्र घ्यावे? उत्तर काढल्यावरच तिपाई उघडा.