शोधयंत्राचे उत्तर आणि लहान दुकानदाराचे संकेतस्थळ

१. प्रश्नाचे स्वरूप

रायपूर हे छत्तीसगड राज्याच्या राजधानीचे नगर होय. हे राज्य २००० साली अस्तित्वात आले. परंतु नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून ह्या प्रदेशाचा मराठी मुलखाशी निकटचा संबंध आहे. रायपुरातील गोलबाजार व पंडरीचा कापडबाजार ह्या पेठा सर्वश्रुत आहेत. ऐन व अर्जुन ह्या वृक्षांच्या पाल्यावर वाढणाऱ्या अळीच्या कोषापासून निघणारे टसर रेशीम छत्तीसगडात ‘कोसा’ ह्या नावाने ओळखले जाते. चांपा व आसपासच्या गावी विणलेले हे कापड रायपूरच्या पेठांतही विकावयास येते.

समजा, अशा एका लहान दुकानदाराने आपले संकेतस्थळ तयार करविले आहे. पुण्यातील एखादे गिऱ्हाईक शोधयंत्रास विचारते, “रायपुरात अस्सल कोसा साडी कोठे मिळेल?” पूर्वी अशा प्रश्नास दुव्यांची एक लांब यादी मिळे आणि निवड गिऱ्हाइकाने करावयाची असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे शोधयंत्र स्वतःच एक परिच्छेद लिहून देते व त्यात दोन-चार दुकानांचीच नावे असतात. यादीत सातव्या स्थानी असलेल्या दुकानास थोडीफार संधी होती. ज्याचे नाव परिच्छेदातच नाही त्यास ती जवळजवळ उरत नाही. त्यामुळे, हे उत्तर कसे तयार होते हे समजून घेणे लहान व्यापाऱ्याच्या चरितार्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले आहे.

२. यंत्र उत्तर कसे तयार करते

शोधयंत्राचे कार्य ग्रंथालयाच्या कार्याशी ताडून पाहिल्यास सुलभतेने कळते. ग्रंथालयात पुस्तक आले की त्याची नोंद होते, विषयवार सूचिपत्र तयार होते आणि वाचकाने मागणी करताच योग्य पुस्तक काढून दिले जाते. शोधयंत्राचे ‘क्रॉलर’ नावाचे कार्यक्रम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पृष्ठे गोळा करतात. त्या पृष्ठांतील प्रत्येक शब्द कोठे आला आहे ह्याची सूची बनते. प्रश्न येताच ह्या सूचीतून उपयुक्त पृष्ठे निवडली जातात. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगल कंपनीने ह्या निवडीसाठी आणखी एक कसोटी लावली: एखाद्या पृष्ठाकडे इतर किती व कोणती पृष्ठे निर्देश करतात ती पाहणे.

नव्या यंत्रांत ह्यापुढे एक पायरी वाढली आहे. २०१७ साली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना प्रसिद्ध झाली आणि तिच्या आधारे प्रचंड मजकुरावर शिकविलेली भाषा-प्रारूपे बनली. २०२० साली संशोधकांनी अशा प्रारूपास शोधाची जोड देण्याची पद्धत मांडली. आधी संबंधित उतारे शोधून आणावयाचे आणि मग त्या उताऱ्यांच्या आधारे प्रारूपाने उत्तर लिहावयाचे, असा तिचा क्रम आहे. गूगलने २०२४ साली अशी उत्तरे प्रथम अमेरिकेत व त्यानंतर भारतात देण्यास आरंभ केला.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रारूप दुकान पाहत नाही, कापडास हात लावीत नाही. त्याच्यापुढे केवळ उतारे असतात. जो मजकूर त्यास वाचता येतो, ज्याचा अर्थ निःसंदिग्ध असतो आणि ज्यास इतरत्र पुष्टी मिळते, तोच उत्तरात येण्याचा संभव अधिक असतो. पुढील तीन भागांत ह्याच तीन गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

३. वाचनीयता

अनेक दुकानांच्या संकेतस्थळांवर मालाची यादी व दर हे एका रंगीत चित्राच्या रूपात असतात. मनुष्यास ते वाचता येतात. यंत्रास मात्र ती अक्षरे आहेत हे ओळखणेही पुष्कळदा जमत नाही. यास्तव महत्त्वाचा मजकूर चित्रात न ठेवता अक्षररूपाने लिहावा.

देवनागरी लिपीत आणखी एक अडचण उद्भवते. संगणकात प्रत्येक अक्षर एका संकेत-क्रमांकाने साठविले जाते. युनिकोड ह्या जागतिक पद्धतीत १९९१ सालापासून देवनागरीस स्वतंत्र क्रमांक आहेत. परंतु हिंदी भाषी प्रदेशातील छपाईच्या धंद्यात रूढ असलेल्या ‘कृतिदेव’ ह्या जुन्या टंकात रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असतात. त्या टंकात लिहिलेला हिंदी ‘रायपुर’ हा शब्द यंत्रास ‘जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे’ असा दिसतो. जाहिरातीसाठी छापखान्यात तयार झालेला असा मजकूर तसाच संकेतस्थळावर चढविला, तर शोधयंत्राच्या लेखी त्या पृष्ठावर रायपूरचे नावच नसते.

दाराचाही विचार करावयास हवा. संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबॉट्स’ नावाची एक लहान धारिका असते. कोणत्या क्रॉलरने आत यावे व कोणी येऊ नये हे तीत सांगण्याची प्रथा १९९४ साली सुरू झाली. काही कंपन्यांचे निरनिराळे क्रॉलर असतात. ओपनएआय कंपनीचा एक क्रॉलर प्रारूपास शिकविण्यासाठी मजकूर गोळा करतो, तर दुसरा शोधाच्या उत्तरांसाठी. पहिल्यास मनाई करून दुसऱ्यास प्रवेश देणे मालकाच्या हाती आहे. दोघांनाही अजाणता दार बंद केले, तर मजकूर कितीही उत्तम असला तरी तो तेथे पोहोचत नाही.

४. निःसंदिग्धता

रायपूर नावाची स्थळे एकाहून अधिक आहेत. डेहराडूनजवळ एक आहे, बांगलादेशातही एक आहे. राज्याचे नाव हिंदीत ‘छत्तीसगढ़’ असे लिहितात, तर मराठीत ‘छत्तीसगड’ किंवा ‘छत्तीसगढ’ असे. शिवाय नुक्ता असलेले ‘ढ़’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते. ‘पंडरी’ हे पेठेचे नाव मराठी मनुष्य सहज ‘पंढरी’ असे लिहून जातो.

हाच गोंधळ टपालखात्यास फार पूर्वी सोडवावा लागला होता. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांतील पत्ते ह्यांमुळे पत्रे भलतीकडे जात. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचा पहिला अंक विभाग दाखवितो, पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटपाचे टपाल कार्यालय दाखवितात. नागपूरचा ४४०००१ व रायपूरचा ४९२००१ हे दोन्ही क्रमांक चार ह्या अंकाने आरंभ होतात, कारण महाराष्ट्र व छत्तीसगड एकाच विभागात येतात. कोणत्याही लिपीत पत्ता असो, अंक एकच अर्थ सांगतात.

संकेतस्थळासाठी अशीच सोय २०११ साली झाली. गूगल, बिंग व याहू ह्यांनी मिळून ‘स्कीमा’ नावाची एक समान शब्दावली प्रसिद्ध केली. हे दुकानाचे नाव, हा पत्ता, ह्या उघडण्याच्या वेळा, अशा खुणा तीनुसार मजकुरास लावता येतात. मात्र ह्या खुणा म्हणजे मंत्र नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरात येण्यासाठी निराळ्या विशेष खुणांची आवश्यकता नाही, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. खुणा व पृष्ठावर दिसणारा मजकूर मात्र जुळला पाहिजे. ह्याहून साधी गोष्ट म्हणजे संकेतस्थळ, नकाशावरील विनामूल्य व्यवसाय-नोंद आणि दुकानाची पाटी ह्या तिन्ही ठिकाणी नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक एकच असावा.

५. पुष्टी

प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि इतर काही संस्थांतील संशोधकांनी २०२३ साली ह्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. दहा हजार प्रश्नांच्या संचावर त्यांनी पृष्ठांतील मजकुरात निरनिराळे बदल करून पाहिले. आधार दर्शविणे, अवतरणे देणे व आकडे देणे ह्या उपायांनी उत्तरातील पृष्ठाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे त्यांस आढळले. एकच शब्द पुनःपुन्हा घुसविण्याची जुनी युक्ती मात्र निरुपयोगी ठरली.

आता दोन वाक्ये तुलनेसाठी घ्यावीत. “आमच्याकडे सर्वोत्कृष्ट साड्या वाजवी दरात मिळतील.” हे वाक्य कोणत्याही दुकानास लागू पडते, त्यातून उचलण्याजोगे काहीच नाही. “ह्या साड्या चांपा येथे हातमागावर विणलेल्या असून त्यांवर सिल्क मार्कची खूण आहे, दुकान रविवारी बंद असते.” ह्या वाक्यात चार विधाने आहेत आणि प्रत्येक पडताळून पाहता येते. सिल्क मार्क ही शुद्ध रेशमाची खूण केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झाली. हे वाक्य यंत्रास उपयोगी पडते ते गिऱ्हाइकासही उपयोगी पडते म्हणूनच. अर्थात विधान खरे असले पाहिजे. खोटे आकडे व विकत घेतलेले अभिप्राय ह्यांनी यंत्र काही काळ फसेल. परंतु घरी नेलेले कापड सत्य सांगितल्यावाचून राहत नाही.

६. मर्यादा

कोणताही उपाय स्थानाची हमी देत नाही. एकाच प्रश्नास यंत्र दोन वेळा निराळे उत्तर देऊ शकते. कधी आधार नसलेली विधानेही करते. यास्तव दुकानदाराने आपल्या दुकानाविषयी यंत्रास वेळोवेळी प्रश्न विचारावेत व चुकीची माहिती कोठून आली ते शोधून मूळ ठिकाणीच दुरुस्त करावी. ज्याप्रमाणे सूचिपत्रात नोंद नसलेले पुस्तक कपाटात असूनही वाचकास मिळत नाही, त्याचप्रमाणे ज्याचे वर्णन नीट लिहिलेले नाही ते दुकान पेठेत असूनही उत्तरात सापडत नाही.

करून पाहा

१. आपल्या गावातील एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ उघडा. त्यावरील दरपत्रकाची अक्षरे निवडता येतात काय? निवडलेला मजकूर कोऱ्या पृष्ठावर उतरवा. तो जसाच्या तसा उतरला, तर यंत्रासही तो वाचता येतो. अगम्य चिन्हे उमटली, तर कारण सांगा.

२. आपल्या गावाचे नाव मराठी, हिंदी व रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले जाते ह्याची यादी करा. त्याच नावाची इतर गावे नकाशात शोधा.

३. आपल्या ग्रंथालयाविषयी दहा वाक्ये लिहा. त्यांपैकी पडताळून पाहता येण्याजोगी वाक्ये किती, ते मोजा.