पांढऱ्या द्राक्षाचा धडा : 'शेनिन ब्लाँ'



उसाला जोड म्हणून काय लावावे, हा विषय निघाला की कोणीतरी नाशिककडच्या वाईनच्या द्राक्षांचे नाव काढतोच. म्हणून या खेपेला आपण 'शेनिन ब्लाँ' या फारशा परिचित नसलेल्या पांढऱ्या द्राक्षाची माहिती करून घेऊ.

ही जात मूळची फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातली. दक्षिण आफ्रिकेत तिला 'स्टीन' म्हणतात आणि जगात तिची सर्वांत जास्त लागवड तिथेच आहे. नाशिकजवळ सुला कंपनीने १९९७ च्या सुमारास ती लावली; पहिली वाईन २००० साली बाजारात आली.

पिकल्यावरही आंबटपणा टिकतो, हा या जातीचा मोठा गुण. त्यामुळे तिच्यापासून कोरडी, गोड आणि फेसाळ अशा तिन्ही तऱ्हेच्या वाईन होतात.

ब्रिक्स आपल्याला नवा नाही. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का मद्यार्क तयार होतो. आसवनीत मळी आंबवायला यीस्ट लागते, तसेच इथेही. फरक एवढाच की साली आधीच वेगळ्या काढून रस थंड टाकीत सावकाश आंबवतात आणि त्याचे ऊर्ध्वपातन करत नाहीत. सगळी साखर आंबली तर वाईन कोरडी. थोडी राखली तर गोड.

आता आपल्या सोयीचे पाहू. या द्राक्षाचा घड घट्ट बांधणीचा. आत ओल राहिली की कुज धरते. केवडा, भुरी आहेतच. आंबा-विशाळगडाच्या पट्ट्यातला पाऊस आपण जाणतोच.

दुसरी गोष्ट भावाची. उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे. किमान दर केंद्र सरकार ठरवते आणि १४ दिवसांत बिल देण्याचे बंधन आहे. वाईनच्या द्राक्षाला असला आधार नाही, सगळा भरवसा करारावर. २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी घसरली, माल उचलला जाईना, तेव्हा नाशिक भागात कित्येकांनी बागा उपटल्या. लहान मण्यांचे, बियांचे हे द्राक्ष खाण्याच्या बाजारात कोण घेणार?

खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण दर हंगामाला ठरवतो. द्राक्षबागेत मात्र पैसा वर्षानुवर्षे अडकतो. तेव्हा कोणतेही नवे पीक घेताना आधी पाऊस बघा, मग खरेदीदाराचा लेखी करार बघा आणि मगच कुदळ हातात घ्या.